जेजुरीला निघायच्या आधी घरात काय काय करावं लागतं

धाकट्या भावजींचं लग्न वैशाखात झालं आणि मांडव उतरायच्या आतच घरात जेजुरीचं बोलणं सुरू झालं. आमच्यात, म्हणजे सातारकडच्या बऱ्याच घरांत, लग्न झालं की नवरानवरीनं आधी कुलदैवताला, म्हणजे जेजुरीच्या खंडोबाला जायचं, गडावर तळी भरायची (पानसुपारी, खोबरं, भंडारा ठेवलेलं ताम्हन देवाच्या नावानं उचलायचं), मग घरी जागरण गोंधळ घालायचा, आणि हे उरकल्याशिवाय फिरायला बिरायला कुठे जात नाहीत. भावजींनी मनालीचं बुकिंग आधीच करून ठेवलेलं, ते त्यांनी आपणहून पुढे ढकललं, कोणाला सांगावं लागलं नाही, हे मला खूप आवडलं.

गाव आमचं कोरेगाव तालुक्यात. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो आणि सासूबाईंना आत्या, तिकडची पद्धतच आहे. मामा तरुणपणी मशीद बंदरला माथाडी म्हणून लागले, पुढे बाजार वाशीला आला आणि आम्ही कोपरखैरण्याला. इथे आमच्या गल्लीत कोरेगाव, पाटण, जावळी, जुन्नर अशी सगळी गावं भिंतीला भिंत लावून राहतात आणि रविवारी सकाळी कुठल्या ना कुठल्या घरातून "सदानंदाचा येळकोट" ऐकू येतोच. पण नवी जाऊ ठाण्याची, किसननगरची, माहेर मूळचं संगमेश्वरकडचं. तिच्याकडे ग्रामदेवता, शिमग्याची पालखी, ते सगळं जोरात, खंडोबा मात्र तिच्या घरात नव्हता. त्यामुळे ती प्रत्येक गोष्टीला "ताई हे कशासाठी" असं विचारायची. खवचटपणे नाही हं, खरंच जाणून घ्यायचं म्हणून. आणि मला वाटलं की हिला "असंच असतं" असं उत्तर द्यायचं नाही, कारण मी सून म्हणून आले तेव्हा मला तेच उत्तर मिळायचं आणि त्यातून काहीच कळायचं नाही.

मग गावी थोरल्या आत्यांना फोन लावला. त्या मामांच्या थोरल्या वहिनी, ऐंशीच्या पुढच्या, नजर कमी झालीय पण कुळाचार सगळा तोंडपाठ. फोन स्पीकरवर ठेवला, जाऊला वही घेऊन बसवलं आणि म्हटलं सांगा आत्या, पहिल्यापासून. त्यांनी टाकापासून सुरुवात केली. देवघरातले चांदीचे टाक, म्हणजे देवांच्या प्रतिमा उठवलेले छोटे पत्रे, घोड्यावरचे खंडोबा म्हाळसा, भवानी, जोतिबा आणि घरातल्या पूर्वजांचा एक, हे सगळे गडावर देवभेटीला न्यायचे असतात. मी विचारलं उजळायला चिंच लावू का, तर एकदम ओरडल्या, "आगं चिंच तांब्याला, टाकाला नगं. राखुंडी घ्यायची, मऊ फडकं घ्यायचं, हळू पुसायचं, घासायचं न्हाई, देवाचं नाक डोळं झिजत्यात." आमचा खंडोबाचा टाक खरंच इतका झिजलाय की घोडा कुठला आणि देव कुठला ते बोट फिरवूनच कळतं, किती पिढ्यांच्या बायकांचे हात त्याच्यावरून फिरले असतील. भावजी म्हणाले नवीन करून घेऊया का, सोनारालाच द्यायचा, दोन दिवसात होतो. मामा म्हणाले घर वेगळं झालं की नवीन करा, हा आहे तसाच राहूदे. मला मामांचं पटलं.

पुढची यादी तळीची. ताम्हन, विड्याची पानं, सुपाऱ्या, खोबऱ्याच्या वाट्या, सुटी नाणी आणि भंडारा. त्याशिवाय दिवटी आणि बुधली, म्हणजे पितळेची मूठ असलेली छोटी मशाल आणि तिच्यात घालायच्या तेलाचं भांडं. आमची दिवटी जुनी आहे, फक्त तिला लागणारी सुती चिंधी नवी घालायची असते, ती पॉलिएस्टरची चुकूनही घेऊ नका, पेटल्यावर वितळून गळते, शुद्ध सुती जुन्या धोतराचा तुकडा सगळ्यात चांगला.

भंडाऱ्याबद्दल जरा जास्त लिहिते कारण मला त्याची फार कळकळ आहे. भंडारा म्हणजे हळद. पण गडाच्या पायथ्याला आणि आता इकडेही पिवळी पूड म्हणून जे काही विकतात त्यातलं बरंचसं हळद नसतं, रंग घातलेली कसली तरी भुकटी असते, डोळ्यात गेली की डोळे लाल होतात, अंगाला खाज सुटते. ही भुकटी आपण देवाला वाहतो, कपाळाला लावतो, लहान मुलांच्या तोंडात उडते. आम्ही दरवेळी वाशीच्या मसाला मार्केटमधून घेतो, मामांची तिथे ओळख आहे म्हणून किरकोळही मिळते, सांगलीकडची राजापुरी हळकुंडं घ्यायची आणि कोपरखैरण्यातल्याच गिरणीत डोळ्यासमोर दळून आणायची. घरी तपासायचं तर चिमूटभर हळदीत ओला चुना कालवून बघा, हळद असेल तर लालभडक होते, कुंकू पूर्वी त्यातूनच करायचे. नुसता पिवळा रंग असेल तर तशी लाल होत नाही. आणि दुसरी गोष्ट, पेटत्या दिवटीच्या किंवा कापराच्या जवळ भंडारा मुठीमुठीनं उधळू नका. कुठलीही बारीक कोरडी पूड हवेत पसरली आणि ज्योत मिळाली तर भडका उडतो, हळदीचंही तसंच आहे. उधळायची हौस सगळ्यांना असते, मलाही आहे, पण आधी दिवटी बाजूला न्यायची, मग उधळायचं.

तारीख ठरवायला वेळ गेला. खंडोबाचा वार रविवार, त्यामुळे रविवारीच जायचं असं आत्यांचं म्हणणं. सोमवती अमावस्या नको हे मात्र सगळ्यांनाच मान्य होतं, त्या दिवशी देवाची पालखी गडावरून खाली कऱ्हा नदीवर स्नानाला जाते, लाखो माणूस असतो, बघण्यासारखा सोहळा आहे पण नवीन सुनेला पहिल्यांदा घेऊन जायचा तो दिवस नव्हे. जाऊच्या पाळीची तारीख मधेच येत होती. थोरल्या आत्यांचं म्हणणं अशा वेळी खालूनच कळसाला हात जोडायचा. मी जाऊला सरळ सांगितलं की तुझी तारीख आली तर आपण आठवडा पुढे ढकलू, तुला खाली बसवून आम्ही वर जाणार नाही, ज्या जोडीसाठी जायचं तीच अर्धी खाली कशी बसेल. थोरल्या आत्यांना फोनवर तेच सांगितलं. त्या गप्प बसल्या जरा, मग म्हणाल्या, "बरं, पुढं ढकला." एक आठवडा पुढे गेलं.

निघायच्या आदल्या दिवशी घरात पुरणपोळी, देवाला नैवेद्य, देव्हाऱ्यासमोर सगळ्यांनी नमस्कार करून "तुझ्या भेटीला येतोय" असं बोलायचं, ही आमची घरची रीत. टाक लाल कापडात गुंडाळून पितळेच्या डब्यात ठेवले. हा डबा डिक्कीत टाकायचा नाही, मांडीवर घ्यायचा, आणि प्रवासभर तो जाऊच्या मांडीवर होता. एक्सप्रेसवे, पुणे, हडपसर, मग दिवे घाट, सासवड. दिवे घाट चढताना आत्यांनी वारीच्या गोष्टी सांगितल्या, माऊलींची पालखी याच घाटातून वर येते आणि पुढे सासवडहून जेजुरीलाही मुक्काम करते. विठोबा आणि खंडोबा एकाच रस्त्यावर भेटतात हे जाऊला फार गोड वाटलं.

शनिवारी रात्री जेजुरीत मुक्काम केला आणि पहाटे अंधारातच चढायला सुरुवात केली. वैशाख जेष्ठाच्या उन्हात हे करावंच लागतं, कारण चपला खाली काढायच्या आणि नऊ साडेनऊनंतर त्या दगडी पायऱ्यांवर पाय टेकवत नाही. म्हातारी माणसं, लहान मुलं असतील तर पहाटेच जा, एवढं ऐकाच.

मामा वर आले नाहीत. आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली, गुडघे आता राहिले नाहीत. पहिल्या पायरीवर बसले, पायरीला भंडारा लावला, डोकं टेकवलं आणि आम्हाला म्हणाले जा, मी इथं आहे. आत्या त्यांच्याजवळ थांबल्या. या माणसानं लग्न झाल्यावर आत्यांना उचलून याच पायऱ्या चढल्या होत्या असं आत्यांनी जाऊला तिथेच सांगितलं आणि मामा दुसरीकडे बघायला लागले.

उचलून घ्यायची पद्धत सगळ्यांना माहीत असते, नवऱ्यानं नवरीला उचलून निदान पाच पायऱ्या चढायच्या. भावजींनी पाच चढल्या, खाली ठेवलं, झालं. आजूबाजूला मात्र काही जोड्यांचं शूटिंग चाललेलं, एकदा उचल, परत उतर, परत उचल, ड्रेस नीट कर, आणि मागे पन्नास माणसं खोळंबलेली, त्यात डोक्यावर नैवेद्य घेतलेल्या बायका. फोटो काढा, आम्हीही काढले, पण एकदाच काढा आणि कडेला होऊन काढा. ती फोटोसाठीची जागा नाही, लोक नवस फेडायला अनवाणी चढत असतात तिथे.

चढताना दोन्ही बाजूंना दीपमाळा, मधे कमानी. अर्ध्या वाटेवर बाणाईचं देऊळ लागतं आणि तिथे जाऊनं विचारलं की ही वर का नाही, मधेच का. मग तिला गोष्ट सांगितली. म्हाळसा ही नेवाशाच्या वाण्याची लेक, देवाशी तिचं लग्न पालीला लागलं, आमच्या साताऱ्यातल्या पालीला, तारळी नदीच्या काठी, अजूनही पौषात तिथे देवाच्या लग्नाची मोठी यात्रा भरते. बाणाई धनगराची लेक. देव सारीपाटात म्हाळसेशी हरला आणि घर सोडून बाणाईच्या बापाकडे मेंढ्या राखायला राहिला, तिच्याशी लग्न करून गडावर घेऊन आला. दोघींचं पटेना म्हणून एक वर आणि एक अर्ध्या वाटेवर, असं लोक सांगतात. वाण्याचा जावई, धनगराचा जावई, म्हणून तो इतक्या जातींच्या घरात आहे, कोणालाही तो आपलाच वाटतो. जाऊ म्हणाली मग आता कोकणातलीपण एक आली. मला तिचं ते बोलणं इतकं आवडलं की मी तिथेच तिच्या कपाळाला भंडारा लावला. पुढे हेगडी प्रधानाचं देऊळ, तो बाणाईचा भाऊ आणि देवाचा प्रधान, तिथेही हात जोडायचे, पुष्कळ लोक घाईत तसेच पुढे जातात.

वर कोटाच्या आत शिरलं की समोर सगळं पिवळं. दगड पिवळा, खांब पिवळे, माणसं पिवळी. हा कोट, या ओवऱ्या होळकरांच्या काळातल्या, खंडोबा त्यांचं कुलदैवत, आणि अहिल्याबाईंनी मल्हाररावांच्या आठवणीत बांधलेलं देऊळही जेजुरीत खाली तलावापाशी आहे, वेळ असेल तर बघा. आमच्या भावकीच्या ओळखीचे गुरव आहेत, त्यांनी टाक आत नेले, देवाला भेटवले, भंडाऱ्यात माखून परत दिले. आत फार वेळ मिळत नाही, रांग ढकलत असते, त्यामुळे काय बोलायचं ते मनात आधी ठरवून जा.

खरा सोहळा बाहेर असतो, देवळासमोरच्या त्या भल्यामोठ्या पितळी कासवावर. तळी तिथे भरायची. पाच पुरुषांनी ताम्हनाला हात लावून "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत तीनदा उचलायचं. आमच्याकडे हे, भावजी, चुलत दीर आणि आमचा मुलगा असे चौघे, मामा खाली, म्हणजे एक कमी. हे इकडेतिकडे बघत होते तोवर शेजारी तळी भरून झालेले एक काका स्वतःच पुढे आले, बारामतीकडचे होते, म्हणाले "पाचवा मी", टोपी नीट केली आणि हात लावला. ओळख नाही पाळख नाही. ताम्हन उचललं, "सदानंदाचा येळकोट" झाला, खोबरं भंडारा उधळला, त्या काकांनी भावजींच्या आणि जाऊच्या कपाळाला भंडारा लावला, जोड्यानं पाया पडायला लावलं, खोबऱ्याचा एक तुकडा घेतला आणि गर्दीत निघूनही गेले. मला तेव्हा रडायला आलं. मामांची जागा कोणीतरी भरली असं वाटलं, आणि खाली आल्यावर मामांना सांगितलं तर ते म्हणाले देवानं माणूस पाठवला. मीही तसंच मानते.

खांडा बघायचा राहिला नाही, दसऱ्याला जी ४२ किलोची तलवार दातात धरून, एका हातात तोलून धरायच्या स्पर्धा होतात ती. मुलगा त्याच्यासाठीच आला होता. कडेपठार मात्र राहिलं. मूळचं जुनं ठाणं वर कडेपठारावर आहे, चढ बराच मोठा आहे आणि उन्हात शक्य नव्हतं.

घरी आल्यावर टाक लगेच देव्हाऱ्यात ठेवायचे नाहीत, आधी दारात दूधपाणी, ओवाळणी, मग आत. त्यानंतर रविवार बघून पाच घरं वारी मागायची, हातात कोटंबा, म्हणजे वारी घ्यायचं भांडं, गळ्यात भंडाऱ्याची पिशवी, जोडीनं दारात उभं राहून "वारी खंडोबाची" म्हणायचं. भावजी एका बँकेत मोठ्या पोस्टवर आहेत, मला वाटलं लाजतील, पण अजिबात नाही. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका तमिळ ताईंनी न सांगता सुपात तांदूळ आणून कोटंब्यात घातले आणि दोघांना हळदकुंकू लावलं. त्या तांदळाचा भात नैवेद्याला केला.

जागरण गोंधळ गल्लीतच मांडव घालून केला. पाच ऊस लागतात चौकावर उभे करायला, ते उन्हाळ्यात सहज मिळत नाहीत, आमच्या कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्यानं काढून ठेवले. वाघ्या मुरळीची पार्टी जुन्नरकडची होती, दिमडी, तुणतुणं, घोळ, सगळं घेऊन आली. शहरात रात्री दहानंतर स्पीकर बंद करावाच लागतो, पण खरं सांगते, स्पीकर बंद झाल्यावरच जागरण रंगलं. नुसती दिमडी आणि गळा. गावोगावच्या देवांना एकेक करून बोलवायला लागले, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, पालीचा खंडोबा, आणि वाघ्यानं आधीच विचारून घेतलं होतं म्हणून जाऊच्या संगमेश्वरच्या ग्रामदेवतेलाही आवतण दिलं. तिचे आईवडील समोरच बसले होते, दोघांनी हात जोडले. शेवटी एका झटक्यात लंगर, म्हणजे लोखंडी साखळी, तोडला तेव्हा पहाट झाली होती.

मुरळीबद्दल एक गोष्ट जाऊनं विचारलीच आणि ती टाळू नये असं मला वाटतं. पूर्वी लहान मुलींना देवाला सोडायचे, नवसापोटी, गरिबीपोटी, आणि त्या मुलींचं पुढे काय व्हायचं ते सगळ्यांना माहीत होतं. १९३४ साली मुंबई इलाख्यात याविरुद्ध कायदा झाला, तरी ते पुढे बरीच वर्षं चालू राहिलं. आमच्याकडे आलेली मुरळी लग्न झालेली, दोन मुलांची आई, कला म्हणून गाते, बिदागी ठरवून घेते. बिदागीत घासाघीस करू नका, आणि कोणी दारू पिऊन तिच्यावर पैसे उधळायला लागला तर यजमानानं उठून त्याला बाहेर काढायचं. आमच्या ह्यांनी एकाला काढलं.

आता चंपाषष्ठीची तयारी. मार्गशीर्षाच्या प्रतिपदेला घट बसवायचे, सहा दिवस दिवा अखंड ठेवायचा आणि षष्ठीला वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा, कांद्याची पात, लसूण असा नैवेद्य. चातुर्मासात वांगं कांदा आमच्याकडे बंद असतो, तो त्या दिवशी सुटतो, आणि पहिला घास कुत्र्याला, कारण कुत्रा देवाचा. जाऊ भावजी घणसोलीला नवीन फ्लॅटमध्ये राहायला जाणार आहेत, म्हणजे मामांच्या म्हणण्याप्रमाणे आता त्यांचा वेगळा टाक करायचा. वही तिच्याकडेच दिलीय. थोरल्या आत्यांना दिवाळीनंतर इकडे घेऊन येणार आहोत, अजून भवानीचा कुळाचार, नवरात्राच्या माळा, जोतिबाचा खेटा, हे सगळं लिहून घ्यायचं बाकी आहे, आणि थंडीत एकदा कडेपठार.